ओट्यावरची भाऊबीज

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी शनिवार पेठेतली भाड्याची जागा सोडून वारज्याला राहायला गेले, तेव्हा माझ्या मैत्रिणींनी मला असा निरोप दिला की जणू मी परमुलखात निघाले होते. श्यामलाने तर काळजीने विचारलं, तिकडे दूध मिळतं का. मी म्हटलं, दूध मिळतं, शिवाय ते देणारी म्हैसही बघायला मिळते. पेठेतल्या माणसाला लकडी पुलापलीकडचं सगळं जग अजून व्हायचंच आहे असं वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर. गॅलरीतून समोर एक मोकळी जागा दिसायची. आजूबाजूला सगळीकडे इमारती उठलेल्या आणि मधे ही एवढीच जमीन गवत वाढून पडलेली. पोरं तिथे क्रिकेट खेळत. जागेच्या एका कडेला जयसिंगरावांचं घर, आणि घराच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे, मारुतीचं लहानसं देऊळ. देवळाला दगडी ओटा आणि त्यावर कडुनिंबाची सावली. जयसिंगराव या जागेचे मालक. मिशा भरघोस, बोलणं जेवढ्यास तेवढं. ही जमीन अशी का ठेवलीत, असं मी त्यांना एकदा सहज विचारलं, तर ते म्हणाले, "आमची मर्जी." पेठेत एवढं तुटक उत्तर ऐकायची सवय असल्यामुळे मला ते आवडलंच.

तिथली माझी पहिली दिवाळी. भाऊबिजेच्या दिवशी मला काही काम नसतं. माझा भाऊ दीनानाथ नागपूरला असतो. तो दरवर्षी फोन करून विचारतो, ओवाळलंस का, आणि मी सांगते, फोनला कुंकू लावलं. तर तो फोन झाल्यावर मी गॅलरीत चहा घेत बसले होते. समोर देवळाच्या ओट्यावर एक बाई बसलेली दिसली. पन्नाशीची असेल. नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, शेजारी फडक्यात बांधलेलं ताट. कुणाची तरी वाट बघत असेल म्हणून मी आत गेले. स्वयंपाक करून, जेवून परत आले तरी ती तिथेच. फक्त आता एकटी नव्हती. दिवाळीसाठी माहेरी आलेल्या गावातल्या चार-पाच लेकी तिच्याभोवती बसल्या होत्या आणि खाली मान घालून काहीतरी ऐकत होत्या.

मी शिक्षिका. चार बायका खाली मान घालून ऐकतायत म्हटल्यावर विषय काय आहे ते कळल्याशिवाय मला राहवेना. मी बशीत चिवडा घेतला आणि खाली उतरले. मला बघून बाकीच्या पांगल्या. ती बाई तेवढी बसून राहिली. नाव विचारलं, तर सोजरबाई म्हणाली. चिवड्यात मीठ कमी आहे हेही तिने लगेच सांगितलं. मग मी माहेर कुठलं विचारलं, तर तिने समोरच्या जयसिंगरावांच्या दाराकडे बोट केलं. मग आत का जात नाही, असं मी विचारलं.

"बोलवायचेत अजून," सोजरबाई म्हणाली आणि चिवडा संपवला.

पुढे मला सगळी हकीकत कळली, थोडी तिच्याकडून, थोडी इतरांकडून. ती आता मी सांगते.

सोजरबाईंचे वडील आप्पासाहेब. नावात साहेब, अंगात बंडी. कालव्याच्या खालच्या अंगाला त्यांचं रान होतं. ज्वारी, भुईमूग, भाजीपाला. थोरली सरुबाई, मधली सोजरबाई आणि बऱ्याच वर्षांनी झालेला जयसिंग. आई शेतात राबायची, म्हणून जयसिंगला सांभाळायला सोजरबाईंची शाळा चौथीत सुटली. पोरगं दिवसभर हिच्या कडेवर. चालायला शिकलं ते हिच्या परकराला धरून. त्याला गोवर आला तेव्हा तो आईकडे जायला तयार नव्हता, असं सोजरबाई अजून मोठ्या ऐटीत सांगतात.

लग्न होऊन त्या बिबवेवाडीला गेल्या. नवरा संपत मार्केट यार्डात टेंपो चालवायचा. माणूस चांगला होता, पण कात्रजच्या घाटात टेंपो उलटला आणि तो गेला. पदरात दोन मुलं, शकू आणि हिंदुराव. सासरी पिकत असलेली जमीन नव्हती आणि कमावता दीर नव्हता. सोजरबाईंनी एका खोलीत चूल मांडली आणि यार्डातल्या हमालांना भाकरी करून द्यायला लागल्या. भाकरी अशी की ज्याने खाल्ली तो दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आला. हळूहळू वस्तीतल्या चार विधवा, दोन टाकलेल्या बायका तिच्या परातीशी येऊन बसल्या. खोली कमी पडायला लागली, धुराने डोळे लाल, पण पोरांच्या शाळा चालू राहिल्या. आप्पासाहेब दर सुगीला ज्वारीचं पोतं स्वतः घेऊन यायचे, चहा प्यायचे, काही न बोलता जायचे. लेकीच्या दारात काय बोलायचं हे त्या पिढीतल्या बापांना कुणी शिकवलंच नव्हतं.

आई आधीच गेली होती. आप्पासाहेब गेले त्याच सुमारास गाव महापालिकेत आलं. ज्या रानात भुईमूग काढताना कंबर मोडायची, त्या रानासाठी बिल्डर गाडी घेऊन दारात यायला लागले. आणि सातबाऱ्यावर जयसिंगरावांच्या नावाखाली दोन बहिणींची नावं वारस म्हणून लागली होती. बिल्डरने सांगितलं, आधी बहिणींचं हक्कसोड करून आणा, मग बोलू.

आता याची इकडे एक रीत आहे. रीत फार गोड आहे. भाऊ जीप घेऊन बहिणीला आणायला जातो. भावजय नवी साडी देते, ओटी भरते. मग सगळे मिळून निबंधकाच्या कचेरीत जातात, बहीण सही करते, येताना चांगल्या हॉटेलात जेवण आणि वर आइस्क्रीम. संध्याकाळी बहीण घरी परतते आणि शेजारणींना साडी दाखवते. एका साडीत बापाच्या रानातलं नाव पुसलं गेलं, असं तिला कुणी म्हणत नाही आणि तीही म्हणत नाही. कारण मागितलं तर माहेर तुटतं. पुन्हा दिवाळीला न्यायला कुणी यायचं नाही, मुलांच्या लग्नात मामा उभा राहायचा नाही. या भीतीपुढे शिकलेल्या बायकाही सही करून मोकळ्या होतात. मी पेठेतली म्हणून मला नाक वर करायचं कारण नाही. आमच्याकडे सोडायला हक्क होता कुठे, दोन भाड्याच्या खोल्या आणि एक देव्हारा.

सोजरबाईही सही करायलाच गेल्या होत्या, हे लक्षात घ्या. नवी साडी नेसून, ओटीतला नारळ घरी ठेवून, थोरल्या सरुबाईच्या शेजारी जीपमध्ये बसून गेल्या. जयसिंगराव बहिणींवर खूश होते आणि त्या खुशीतच त्यांच्या हातून एक चूक झाली. हक्कसोडीचा कागद एरवी रुक्ष असतो. कोण, कुठला, किती, आणि सही. जयसिंगरावांना वाटलं, आपल्या बहिणी एवढं देतायत, तर कागद जरा गोड असावा. त्यांनी लिहिणाऱ्याला सांगून त्यात भर घालून घेतली. आणि बहिणींना ते ऐकायला मिळावं म्हणून कचेरीतल्या साहेबांना विनंती केली की मोठ्याने वाचा. साहेब नियमाने चालणारे होते, त्यांनी आधी सरुबाईचा आणि मग सोजरबाईंचा, असे दोन्ही कागद शब्दन् शब्द वाचले. बहीण आपल्या धाकट्या भावाच्या प्रेमापोटी, काहीही मोबदला न घेता, आपला हक्क कायमचा सोडून देत आहे, असं त्यात होतं. सरुबाईने डोळे पुसले आणि आपल्या कागदावर सही केली. सोजरबाई मात्र पेन हातात धरून तशाच राहिल्या.

"साहेब," त्यांनी विचारलं, "माझ्या प्रेमापोटी मी रान सोडलं, ते झालं. त्याच्या प्रेमापोटी त्यानं काय सोडलं, ते कुठं लिवलंय?"

जयसिंगराव हसले. थट्टा चालली आहे असं त्यांना वाटलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं की बाई, कागद मान्य आहे की नाही एवढंच सांगा. सोजरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि नाही म्हणाल्या. आपल्याला रान विकायचंही नाही आणि भावाला अडवायचंही नाही, त्याच्या नावाशेजारी आपलं नाव राहू दे, मग त्याने उद्या इमारत बांधली तरी चालेल, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. हे आपण आदल्या रात्री ठरवून गेलो नव्हतो, प्रेमापोटी हा शब्द ऐकला आणि पेन पुढे सरकेना, असं त्या मला म्हणाल्या. कडेवर वाढवलेल्या पोराने प्रेम एकाच बाजूने लिहून घ्यावं, हे त्यांना सहन झालं नाही.

जयसिंगराव थोरल्या बहिणीला घेऊन जीपमधून निघून गेले. सोजरबाई नव्या साडीत पीएमटीच्या बसने बिबवेवाडीला परतल्या.

बिल्डरने खांदे उडवले आणि पलीकडची जमीन घेतली. बहिणीचं नाव ठेवायची जयसिंगरावांची तयारी नव्हती, त्यामुळे त्यांची जमीन तशीच पडून राहिली. त्यांनी गावात सांगून टाकलं की सोजर आपल्याला मेली. कुणाच्या बहिणीने जरा कुरकुर केली की भाऊ तिला म्हणत, सोजरबाई व्हायचंय का तुला. सरुबाईने सोजरबाईंकडे यायचं-जायचं सोडलं. शकूच्या लग्नात नवरीला मांडवात आणायला मामा आला नाही. मामाच्या जागी यार्डातले हमाल सोनबा उभे राहिले, नवं धोतर नेसून, डोळे पुसत. त्या दिवशी सोजरबाई एकदाही रडल्या नाहीत, पण त्या लग्नाचा एकही फोटो त्यांनी भिंतीवर लावला नाही.

शहाण्या माणसांनी त्यांना दोनच वाटा सांगितल्या. एक म्हणजे वकील कर आणि भावाला कोर्टात खेच. दुसरी म्हणजे सही करून टाक आणि माहेर सांभाळ. सोजरबाईंनी यातली एकही धरली नाही.

"हक्क सोडायची न्हाय," त्या मुलांना म्हणाल्या, "आन् भाऊ बी सोडायची न्हाय."

सही नाकारल्यानंतरच्या पहिल्याच भाऊबिजेला त्यांनी ओवाळायचं ताट फडक्यात बांधलं, बस धरली आणि वारज्यात येऊन भावाच्या दारासमोरच्या ओट्यावर बसल्या. मुलांनी परोपरीने अडवलं होतं. भाऊ न्यायला आला नाही तर बहिणीने आपण होऊन जाऊ नये, अशी रीत. त्या म्हणाल्या, दार त्याचं आहे, ओटा मारुतीचा आहे. जयसिंगराव त्या दिवशी मागच्या दाराने बाहेर पडले ते दिवेलागणीला आले. गाव हसलं. पोरांनी नकला केल्या. सोजरबाईंनी तिन्हीसांजेला ताटातले लाडू देवळात आलेल्यांना वाटले आणि बस धरून घरी गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही वर्षी. शिव्या नाहीत, रडारड नाही, दाराची कडी वाजवणं नाही. नुसतं बसायचं. जयसिंगरावांना मागच्या दाराचा चांगलाच सराव झाला.

पण गंमत अशी झाली की भाऊबिजेला गावात सगळ्याच लेकी माहेरी आलेल्या असतात. आधी त्या लांबून बघायच्या. मग एखादी देवाला आल्याचं निमित्त करून ओट्यावर टेकायची. मग हळूच विचारायची, मावशी, आमच्याकडं बी कागद करायचं चाललंय, काय करू. सोजरबाईंनी कुणालाही सही करू नकोस असं कधी सांगितलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. त्या एवढंच म्हणत की घाई करू नकोस. आधी भावाला तोंडाने सांग, वकिलाकरवी नको. त्याला जेवायला वाढ आणि त्याच्या समोर बसून सांग. तो चिडला तर चिडू दे, पुढच्या भाऊबिजेला बोलावलं नाही तरी जा. मी त्यांना भेटले त्या पहिल्या दिवशी बायका खाली मान घालून ऐकत होत्या, ते हेच.

पहिलं फळ आलं ते शालूच्या घरात. शालू गावातलीच लेक, दिली होती खडकीला. तिने भावांना वाढता वाढता सांगितलं की माझं नाव राहू द्या. भावांनी ताटावरून उठायची तयारी केली, आणि मग थोरल्याच्या मनात आलं की ही जर उद्या त्या सोजरबाईशेजारी ओट्यावर जाऊन बसली तर. एका बहिणीने गावाची करमणूक झाली होती, दुसरी बसली तर आपली व्हायची. शालूचं नाव राहिलं. माणसं चांगल्या कारणासाठीच चांगली वागतात असं काही नाही. लाजेने वागली तरी पोळी ताटात पडतेच. पुढच्या दोन वर्षांत आणखी तीन घरांत असंच झालं, आणि त्यातल्या एका घरातला भाऊ तर, बहिणीचं नाव ठेवायचं आपणच सुचवलं, असं सगळ्यांना सांगत फिरला.

मी त्या बायकांचे कागद वाचून द्यायला लागले. दुसऱ्या दिवाळीपासून भाऊबिजेचा चहा माझ्या घरून जायचा, आणि चिवड्यात मीठ कमी पडणार नाही याची मी काळजी घ्यायची. मला त्या ओट्यावर बसायला फार बरं वाटायचं. फक्त समोरचं दार तेवढं बंद असायचं. बोलता बोलता सोजरबाईंची नजर तिकडे जायची, आणि त्या अर्ध्यावर थांबायच्या. दुसऱ्यांच्या घरांत नावं लागत होती, भाऊ बोलत होते. हिच्या घरात दोन्ही नव्हतं.

मग जयसिंगरावांचे सासरे वारले.

जयसिंगरावांची बायको विजयमाला मुळशीकडची. तिकडच्या जमिनींना भाव आला होता. तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत तिचे भाऊ जीप घेऊन आले, हातात साडी आणि हक्कसोडीचा कागद. आणि आमच्या जयसिंगरावांना एकाएकी कायदा आठवला. लेकींचा समान हक्क असतो, बापाची इस्टेट काय एकट्या भावांची असते का, तू अजिबात सही करायची नाहीस, असं त्यांनी बायकोला बजावलं. हे सगळं ते अत्यंत मनापासून बोलत होते. एकच माणूस एका घरात भाऊ असतो आणि दुसऱ्या घरात जावई, आणि या दोघांची एकमेकांशी ओळख नसते.

विजयमाला फार बोलणारी बाई नव्हती. दर भाऊबिजेला नवऱ्याचं मागचं दार उघडायचं आणि लावायचं काम तिने निमूटपणे केलं होतं. ती एका दुपारी तो कागद घेऊन माझ्याकडे आली. मी वाचून दाखवला. तिने कागदाची घडी घातली. मग तिने विचारलं की भाऊ तुटू न देता कसं मागायचं, हे वन्संना विचारून सांगाल का. मी म्हटलं, मी का विचारू, आठ दिवसांवर भाऊबीज आहे, त्या समोरच येऊन बसणार आहेत.

त्या भाऊबिजेला सोजरबाई नेहमीसारख्या आल्या, ताट शेजारी ठेवून बसल्या. लेकी जमल्या. मी चहा घेऊन खाली उतरले. जयसिंगराव मागच्या दाराने निघायच्या बेतात असतील, तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि विजयमाला बाहेर आली. माहेरी जायला नेसलेली चांगली साडी अंगावर होती. ती रस्ता ओलांडून आली आणि नणंदेच्या शेजारी ओट्यावर बसली. मैदानातला क्रिकेटचा खेळ थांबला. जयसिंगराव दारात येऊन उभे राहिले. माझी खात्री आहे की लग्नापासून बायकोने त्यांना एवढं चकित कधी केलं नव्हतं. त्यांनी तिला आत ये म्हणून दोनदा सांगितलं.

"मला माझ्या भावाकडं मागायला सांगताय ना," विजयमाला तिथूनच म्हणाली, "मग आधी तुमच्या बहिणीला काय ते सांगा. तवर मी हितंच हाय."

आवाज चढला नव्हता, पण सगळ्या आळीला ऐकू गेलं. जयसिंगराव लाल झाले. आता हा माणूस दार आपटून आत जाणार आणि इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, असं वाटून मी हातातला कप ओट्यावर ठेवून दिला. सोजरबाई विजयमालाचा हात धरून तिला हळूच उठायला सांगत होत्या. भावाचा असा चारचौघांत पाणउतारा त्यांना नको होता. ती उठेना. जयसिंगराव बघत राहिले. ओट्यावर बायको, बहीण, आणि अर्ध्या गावाच्या लेकी. मग ते चपला न घालताच रस्ता ओलांडून आले आणि सोजरबाईंसमोर उभे राहिले.

"आक्का, उन्हात बसू नगंस," ते म्हणाले. "आत चल."

ऊन नव्हतंच. कडुनिंबाची दाट सावली होती. सोजरबाई उठल्या नाहीत. त्यांनी विचारलं, नावाचं काय. नाव राहील, जयसिंगराव म्हणाले. आणि मग थोडं थांबून, कुणी न विचारता म्हणाले की थोरलीचं पण लावतो. तेव्हा मात्र सोजरबाई उठल्या. आपलं ताट त्यांनी दुसऱ्या कुणाला धरू दिलं नाही. त्या तिघांच्या मागे दार लागलं, आणि ओट्यावरच्या लेकी अशा रडायला लागल्या की चहा निवून गेला. मीही त्यात होतेच.

त्यानंतर दोन वर्षांनी त्या मोकळ्या जागेवर इमारत उभी राहिली. क्रिकेटवाल्या पोरांनी माझ्या गॅलरीखाली बस्तान हलवलं, तेवढा एक तोटा झाला. मूळ मालकांच्या वाट्याला जे फ्लॅट आले, त्यांच्या पाटीवर तीन नावं आहेत, जयसिंग, सरुबाई, सोजरबाई. सोजरबाईंनी बिबवेवाडीचं भाकरीचं काम आपल्या बायकांच्या हवाली केलं, तिथे आता एक खोली नाही, चांगला मोठा गाळा आहे. विजयमालाने आपलं नाव ठेवायला सांगितल्यावर तिचे भाऊ वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. ती न बोलावता गेली. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ न्यायला आला, त्याच्या पुढच्या वर्षी दोघेही. गावात आता बिल्डरशी बोलणं सुरू झालं की पुरुष माणसंच म्हणतात, बहिणींचं धरून हिशेब करा. अगदी सगळी नाही म्हणत. पण न म्हणणाऱ्याला आता इकडेतिकडे बघावं लागतं.

आता भाऊबिजेला सोजरबाई ओट्यावर जात नाहीत. त्या समोरच्या नव्या इमारतीत राहायला आल्या आहेत आणि जयसिंगराव त्यांच्याकडे येतात, जिना चढताना गुडघ्यांवर हात ठेवत. गेल्या वर्षी मलाही बोलावलं होतं. सोजरबाईंनी पाट मांडला, भावाला ओवाळलं. विजयमाला स्वयंपाकघरात करंज्या काढत होती. जयसिंगराव निरांजनाकडे बघत बसले होते. मग, बरीच वर्षं मनात होतं ते आज बाहेर पडावं तसं, त्यांनी विचारलं की आक्का, तेव्हा माझाच वकील मला सांगायचा, ती कोर्टात गेली तर पहिल्याच झटक्यात जिंकंल. तू गेली का न्हाईस?

सोजरबाईंनी ताट खाली ठेवलं. या माणसाला हे अजून कळलं नाही, याचं त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं.

"हिस्सा मिळाला आसता रं," त्या म्हणाल्या. "भाऊ कुठल्या कोर्टात मागायचा हुता?"

जयसिंगरावांनी मान खाली घातली आणि ओवाळून झालं होतं तरी ते पाटावरून उठेनात. सोजरबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि आतून करंज्या येईपर्यंत तो तसाच ठेवला.